नाव न घेता

उरिबिया गाव मागे टाकून कच्चा रस्ता लागला की भर दुपारी पायी चालणारा माणूस एक तर वेडा असतो, नाही तर त्याची गाडी चुकलेली असते. इस्मेनियाला तो लांबूनच दिसला. डोक्यावर गवती टोपी, खांद्याला विणलेली पिशवी, हातात काठी, आणि वाऱ्याने अंगाला चिकटलेला पांढरा सदरा. ती मोटरसायकल थांबवणार नव्हती. पण त्याने हात केला नाही, नुसती मान वळवून पाहिलं... आणि पुन्हा चालायला लागला. मागणाऱ्याला नाही म्हणता येतं. न मागणाऱ्याचं काय करायचं? तिने गाडी थांबवली.

"कुठे?"

"पुशाइनांच्या वस्तीवर."

"पुशाइना ढीगभर आहेत. कुठले?"

"ज्यांची मुलगी टँकरवर बातम्या देते, ते."

इस्मेनियाने तोंडावरचा रुमाल आणखी वर ओढला. "बसा. वाटेतच आहे."

तो बसला, पण काठी कशी धरावी हे त्याला काही केल्या जमेना. आडवी धरली की निवडुंगाला अडकायची, उभी धरली की वारा तिला हलवायचा. खरं तर ती काठी पाहूनच तिला कळायला हवं होतं. पण तसली काठी घेऊन फिरणारी माणसं म्हातारी असतात, त्यांच्या भुवया पांढऱ्या असतात; हा तर तिच्याच वयाचा, मानेवर दाढीचा वस्तरा लागलेला.

"तिच्याकडे काय काम काढलंत?" तिने वाऱ्यात ओरडून विचारलं.

"बोलायचंय."

"जपून बोला. फार तोंडाळ आहे म्हणतात."

"मीही ऐकलंय."

"आणि दिसायला?"

"त्याबद्दल कोणी काही बोललं नाही."

"म्हणजे बेताचीच असणार."

"आवाज चांगला आहे," तो म्हणाला. "आमच्या वस्तीवर टँकर येतो तेव्हा कॅन भरून झाले तरी बायका ऐकत थांबतात. मीही थांबतो."

"पाणी मिळेल म्हणून?"

"पाणी तर तोवर संपलेलं असतं."

इस्मेनियाला हसू आलं, आणि हसण्याच्या नादात तिच्या तोंडात धूळ गेली. कित्येक दिवसांत ती अशी हसली नव्हती. वस्ती आली तेव्हा तिला वाटलं, रस्ता थोडा लांब असता तरी चाललं असतं.

तिची आई मांडवाखाली मका सोलत होती. तिने पाहुण्याकडे पाहिलं, मग त्याच्या हातातल्या काठीकडे, आणि कणीस तिच्या हातात तसंच राहिलं. ती उठली आणि भावाला बोलवायला शेळ्यांच्या वाड्याकडे गेली.

इस्मेनियाने रुमाल खाली घेतला. "मीच ती. तोंडाळ."

तो हसला नाही. त्याने टोपी काढून छातीशी धरली. "मला आधी सांगायला हवं होतं. मी शब्द घेऊन आलोय... रोसेंदा एपियेऊंकडून."

इस्मेनियाने काठीकडे आता नीट पाहिलं.

वायू जमातीत भांडण झालं की कोणी स्वतः दुसऱ्याच्या दारात जात नाही. आपला राग, आपलं दुःख शब्द नेणाऱ्याच्या हवाली करायचं. तो ते घेऊन समोरच्या घरी जातो, त्या घरच्या मामापुढे बसतो, कारण घरचा कर्ता मामाच, आणि जसंच्या तसं मांडतो. मधे स्वतःचं काही मिसळत नाही. काठी हातात आहे तोवर त्याला कोणी उद्धट बोलत नाही, आणि तोही कुणावर आवाज चढवत नाही.

लिनो मामा आले. पाहुण्याला झुला बांधून दिला, कॉफी दिली. पाहुण्याने नाव सांगितलं: देल्मिरो इपुआना, अन्सेल्मो इपुआनांचा भाचा. मग तो झुल्यावर सरळ बसला आणि त्याचा आवाजच बदलला.

"रोसेंदा म्हणते, माझा मुलगा एकदा मेला होता. त्याला मी पुरला, त्याच्यासाठी रडले. तुमच्या मुलीने त्याला रांगेत सगळ्यांसमोर पुन्हा मारला. त्याचं नाव माझ्या कानात ओतलं. तुमच्या घरात मोठी माणसं आहेत, ती काय ते ठरवतील. तोवर तुमच्या मुलीचा आवाज आमच्या वस्त्यांवर ऐकू येऊ नये."

लिनो मामांनी मान खाली घातली. नाही म्हणण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

बरांकिया शहरातल्या एका दैनिकात इस्मेनियाने नोकरी केली होती. तिथे ग्वाहिराची, म्हणजे या वाळवंटाची, बातमी लागायची ती कुणी बडा माणूस फोटो काढायला इकडे आला की. वाळवंटातल्या लेकरांचे फोटो छापायचे, आणि ती लेकरं ज्या भाषेत रडतात त्या भाषेत एक ओळही नाही. एके दिवशी ती उठली आणि घरी परत आली. सगळ्यांनी वेड्यात काढलं. वस्त्यांवर फोन लागत नाही, वीज नाही. बातमी पोहोचणार कशी? तिने पाण्याचे टँकर धरले. आठवड्याच्या बातम्या वायूंच्या भाषेत बोलून मेमरी कार्डावर भरायच्या, कार्ड चालकांना द्यायचं, आणि टँकरच्या टपावरचा कर्णा पाण्याच्या रांगेला बातम्या ऐकवायचा. कुठली विहीर खारी झाली, कोणाला औषधासाठी कुठे जायचं, कोणत्या वस्तीचं पाणी कागदावर गेलं आणि टाकीत आलं नाही. दुकानदार जाहिराती द्यायचे, बायका चीज द्यायच्या, त्यावर तिचं चालायचं. चालायचं म्हणजे, ओढूनताणून. पण लोक तिचं ऐकत होते, आणि तिला दुसरं काही नको होतं.

मग रोसेंदाच्या वस्तीवरचा पंप बंद पडला. कोणी दुरुस्त करायला आलं नाही. पुरुषांनी हाताने विहीर खणायला घेतली, आणि वाळूची भिंत रोसेंदाच्या थोरल्या मुलावर आली. तो गेला. पाणी खात्याच्या कार्यालयाने शहराच्या रेडिओवरून सांगितलं की त्या भागात कोणीही मृत झालेलं नाही. दवाखाना नाही, दाखला नाही, म्हणजे मेलेला माणूसही नाही.

हे ऐकून इस्मेनियाचं डोकं सणकलं. तिने बातमीत त्या मुलाचं नाव घेतलं, कुळासकट, पुन्हा पुन्हा. आता म्हणा कोणी मेलं नाही.

मेलेल्याचं नाव त्याच्या माणसांसमोर घ्यायचं नसतं, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. तिने चालकाला बजावलं होतं, रोसेंदाच्या वस्तीवर कर्णा बंद ठेव. पण त्या वस्तीवर टँकर गेलाच नव्हता. म्हणून रोसेंदा गाढव घेऊन पलीकडच्या वस्तीवर रांगेत उभी होती. ज्या बाईच्या वस्तीवर पाणी येत नाही ही बातमी इस्मेनियाच देत आली होती, ती बाई पाण्यासाठी दुसरीकडे जाईल, एवढं साधं तिला सुचलं नाही. कर्ण्यातून नाव आलं, आणि रोसेंदा भरल्या कॅनवर कोसळली.

देल्मिरो निघून गेला त्याच संध्याकाळी चालकांनी कार्डं परत आणून दिली. त्यांच्यातले निम्मे रोसेंदाच्या कुळातले, एपियेऊ होते. कर्णे गप्प झाले. शहरात कार्यालयाचं वाक्य मात्र तसंच उभं राहिलं, कोणी मेलेलं नाही. आणि त्याला खोटं म्हणणारा एकच आवाज होता, तो इस्मेनियाने स्वतःच्या हाताने बंद पाडला होता.

*

असं भांडण एका खेपेत मिटत नाही. देल्मिरो येत राहिला. आता तिला त्याला गाडीवर बसवता येत नव्हतं, तो चालत यायचा. लिनो मामा शेळ्यांमागे गेलेले असायचे, त्यांची वाट बघत तो मांडवाखाली बसायचा, आणि आई मुद्दाम चुलीपाशी जास्त वेळ काढायची.

"आज काय आणलंत?" इस्मेनिया कॉफी देताना विचारायची.

"भरपाईला शेळ्या किती, हार कुठले, त्याचा शब्द."

"तो त्यांचा. तुमचा?"

"शब्द नेणाऱ्याला स्वतःचा शब्द नसतो."

"मग भूक लागली की काय करता?"

"चुलीकडे बघत बसतो."

आई चुलीपाशी खुदकन हसली आणि मग, घरावर काय आलंय ते आठवून, गप्प झाली.

हळूहळू इस्मेनियाला कळलं की ही त्याची पहिलीच कामगिरी आहे. रियोआचा शहरात वकिली शिकत होता, अर्धवट सोडून आला. अन्सेल्मो मामा दुसऱ्या मोठ्या भांडणात अडकले होते म्हणून याला पाठवलं. काठीही त्यांचीच, याला उंच व्हायची. वाटेत तो निवडुंगांपुढे उभा राहून शब्द पाठ करायचा, हे त्याने कुणाला न सांगण्याच्या अटीवर तिला सांगितलं. ती रोज नव्याने हसायची आणि त्याचा कान लाल व्हायचा. पण लिनो मामा येऊन बसले की तो वेगळाच माणूस व्हायचा. रोसेंदाचं दुःख तो एक कणही हलकं करत नव्हता, अगदी इस्मेनिया समोर मान खाली घालून बसलेली असतानाही. त्याबद्दल तिला त्याचा राग यायचा. रात्री झोपताना मात्र वाटायचं, त्याने हलकं केलं असतं तर तो आपल्याला आवडला नसता.

एके दिवशी बरांकियाच्या जुन्या संपादकांचा निरोप आला. तो वाचायला तिला टेकडीवर जावं लागलं, फोन तिथेच लागायचा. परत आली तेव्हा देल्मिरो बसलेला होता.

"काय झालं?" तो म्हणाला. "चेहरा उतरलाय."

"त्यांना ती बातमी हवी आहे. नाव आणि आईचा फोटो. पहिल्या पानावर घेतील. माझी जागाही परत देतील." ती खांबाला टेकली. "रोसेंदामावशींचा फोटो आहे माझ्याकडे, पंपाच्या बातमीच्या वेळी काढलेला."

देल्मिरोने कप खाली ठेवला. "पाठवणार?"

"पाठवला तर कार्यालयाला तोंड लपवायला जागा राहणार नाही."

"खरं आहे."

"मग म्हणा की, पाठव."

"ते मला नाही म्हणता येणार."

"का? रीत?" तिचा आवाज चढला. "ही रीत त्या लोकांच्या किती सोयीची आहे, कळतं का तुम्हाला? आपण नाव घ्यायचं नाही, आणि त्यांनी म्हणायचं, नावच नाही तर माणूस कुठला. आपली सगळी मेलेली माणसं अशीच गिळली त्यांनी. मी गप्प बसू?"

वाऱ्याने मांडवाची झावळी फडफडत होती.

"तू म्हणतेस ते बरोबर आहे," देल्मिरो म्हणाला. "आणि ती बाई रांगेत पडली, तेही तेवढंच खरं आहे. मी तिच्या दारातून इथवर चालत येतो तेव्हा रोज यावर विचार करतो. मला उत्तर येत नाही, इस्मेनिया."

त्याने पहिल्यांदाच तिला तू म्हटलं होतं, आणि हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. इस्मेनियाने आयुष्यात पुष्कळ पुरुषांशी वाद घातले होते, संपादकांशी, अधिकाऱ्यांशी, मामांशी. मला उत्तर येत नाही असं त्यांतल्या एकानेही कधी म्हटलं नव्हतं. ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या मानेवर धुळीची रेघ होती. ती पुसावी असं तिला इतकं वाटलं की तिने हात मागे बांधून घेतले.

त्या संध्याकाळी ती पुन्हा टेकडीवर गेली, फोटो पाठवायचाच असं ठरवून. पाठवण्याआधी तिने आपलीच ती बातमी कानाला लावून ऐकली. तिचा आवाज ते नाव घेत होता, ठासून, स्पष्ट, अगदी बरांकियात ऐकू जाईल असं. आणि तिथेच तिला लख्ख कळलं. इथल्या वस्त्यांना ते नाव माहीतच होतं. त्या मुलाने त्यांच्या शेळ्या शोधून दिल्या होत्या, त्यांच्या लग्नात तो नाचला होता. मग तिने ते घेतलं कोणासाठी? जिथून ती उठून आली होती, त्यांच्यासाठी. इथे राहून, इथल्या भाषेत बोलून, मनात मात्र अजून त्या शहरी माणसांनाच ती बातमी ऐकवत होती. ती टेकडीवर बसून रडली. मग तिने फोटो पुसून टाकला आणि संपादकांना नाही कळवलं.

*

पुढच्या वेळी देल्मिरो आला तो काठीविना.

"काठी?"

"मामांना परत केली." तो बसला नाही. "ते येतील आता पुढच्या बोलण्याला. मी हे काम सोडलं."

अन्सेल्मो इपुआना म्हणजे कडक माणूस. "का? सगळं होत आलं होतं..."

"शब्द नेणाऱ्याने दोघांच्या बरोबर मधे उभं राहायचं असतं. मी आता मधे नाही."

"मग कुठे आहेस?"

तो टोपीची कड दोन्ही हातांनी फिरवत राहिला. शब्दांवर पोट भरायला निघालेला माणूस, आणि एक शब्द फुटेना.

"सांग ना," ती हळूच म्हणाली.

"तुझ्याजवळ," तो म्हणाला. "रस्त्यावर गाडी थांबवलीस ना... तेव्हापासूनच असेन. मी स्वतःला फसवत राहिलो की नाही म्हणून. पण काल तुझ्या मामांपुढे रोसेंदामावशींचा शब्द सांगताना मी एक वाक्य गाळलं. तुला लागेल म्हणून. शब्द नेणाऱ्याने वाक्य गाळलं की संपलं."

"कोणतं वाक्य?"

"ते अन्सेल्मो मामा सांगतील."

"आणि मावशींना? तू त्यांना काय सांगितलंस?"

"हेच. सकाळी जाऊन सांगितलं. तुमच्या वतीने बोलायला गेलो आणि तुमचं बोलणं कमी केलं, कारण माझं त्या मुलीवर प्रेम आहे." त्याने टोपी डोक्यावर घातली. "त्यांनी गाढवावर कॅन चढवायला लावले. मग म्हणाल्या, जा."

इस्मेनियाला एकाच वेळी त्याला मिठी मारावीशी वाटली आणि त्याच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला. आता एपियेऊ म्हणणार, पोरीने आमचा माणूस फितवला. तडजोड मोडली की वैर, आणि वैर म्हणजे पुढची पन्नास वर्षं तिचा आवाज कुठल्याच रांगेत नाही. त्याने सगळं पणाला लावलं होतं, स्वतःचं आणि तिचंही. तरी त्याने खोटं चालवलं असतं तर, हे तिला मनातल्या मनातही म्हणवेना.

"माझंही आहे," ती म्हणाली. "तुझ्यावर. पण आज नको बोलूस आणखी. मला मावशींसमोर जायचंय."

त्याने मान हलवली आणि आला तसा चालत गेला. ती तो दिसेनासा होईपर्यंत मांडवाच्या खांबाला धरून उभी होती.

*

तडजोडीच्या दिवशी दोन्ही कुळं एका मांडवाखाली बसली, मधे मोकळी जागा ठेवून. देल्मिरो पार मागे, शेळ्यांच्या वाड्यापाशी उभा होता. त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं.

अन्सेल्मो मामांनी गाळलेलं वाक्य सगळ्यात आधी सांगितलं. "रोसेंदा म्हणते, या मुलीला माझ्या मुलाचं मरण हवं होतं, माझा मुलगा नको होता."

इस्मेनियाने ते ऐकून घेतलं. मग रीत मोडून ती स्वतः बोलली. लिनो मामांनी तिला अडवलं नाही.

"खरं आहे, मावशी. त्या दिवशी खरं होतं. मी ते नाव परक्यांना ऐकवायला घेतलं, आणि ते तुमच्या कानात गेलं. हे माझ्याकडून भरून येणार नाही, मला माहीत आहे."

हार पुढे ठेवले गेले, आईचा लाल मण्यांचा आजीकडून आलेला हारही. शेळ्यांबद्दल बोलणं झालं. रोसेंदा काळ्या झग्यात बसून होती, वाळलेली, ताठ. हारांकडे तिने पाहिलंही नाही. सगळं झाल्यावर तिने अन्सेल्मो मामांच्या कानाशी काही सांगितलं. ते म्हाताऱ्याला पटलं नसावं, त्यांनी पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं.

"रोसेंदा म्हणते, हार घेतले, वैर नाही. पोराने वाक्य गाळलं ते स्वतः येऊन सांगितलं, म्हणून त्याच्याबद्दलही वैर नाही. आता आणखी एक मागणं आहे." मामांनी घसा साफ केला. "तो कार्यालयात पंख्याखाली बसलेला माणूस म्हणतो कोणी मेलं नाही. या मुलीने आपलं आवाज भरायचं यंत्र घेऊन माझ्याकडे यावं. तिने बोलायचं नाही. मी बोलेन."

इस्मेनिया दुसऱ्याच दिवशी गेली. वारा इतका होता की यंत्रात नुसती घरघर भरत होती. देल्मिरो पाणी घेऊन आलेल्या टँकरमागून उतरला, कोणाला न विचारता जवळ बसला आणि आपली टोपी यंत्राभोवती आडोशाला धरली. हात अवघडले तरी त्याने ती हलू दिली नाही. इस्मेनियाने एकही प्रश्न विचारला नाही. तिच्या धंद्यात याहून अवघड काही नसतं.

"मी रोसेंदा," रोसेंदा म्हणाली. "मला तीन मुलं आहेत. आधी चार होती. पंप बंद होता म्हणून थोरला खाली उतरला, आणि वरची वाळू त्याच्यावर आली. त्याला बाहेर काढेपर्यंत ऊन उतरलं. त्याचं नाव मी घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका. पण जो म्हणतो कोणी मेलंच नाही, त्याने माझ्या दारात यावं. मी त्याला झुला बांधून देईन, कॉफी देईन. मग त्याने माझ्याकडे बघून तेच म्हणावं."

ती उठली आणि गाढवाकडे गेली. इस्मेनियाने यंत्र बंद केलं. देल्मिरोच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण टोपी त्याने सोडली नव्हती.

तो आवाज टँकरांवरून वस्त्यावस्त्यांवर गेला. रांगा हलायच्या थांबल्या. एका चालकाने टँकर उरिबियाच्या चौकात पाणी कार्यालयाच्या खिडकीखाली उभा केला आणि कर्णा लावला. लोक जमले, टोप्या काढून ऐकत राहिले. आतून कोणीतरी खिडकी लावून घेतली. चालकाने पुन्हा लावला. महिनाभराने पंपापाशी माणसं आली. कार्यालयाने आपलं वाक्य मागे घेतलं नाही, माहिती घेत आहोत एवढंच म्हटलं. पण त्या पहिल्या वाक्यावर आता शहरातही कोणी विश्वास ठेवेना. आणि दुसऱ्या वस्त्यांवरच्या बाया इस्मेनियाकडे येऊ लागल्या. माझंही घे, म्हणायच्या. नाव न घेता घे. ती जायची, यंत्र ठेवायची आणि गप्प बसायची. बरांकियाच्या दैनिकाने तिच्याकडे तो आवाज मागितला तेव्हा तिने दिला, पण अट घातली, आधी आमच्या भाषेत छापायचं, खाली तुमच्या.

देल्मिरो तिच्याबरोबर फिरायचा, वाऱ्याला आडोसा करायला. अन्सेल्मो मामांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. आणि मामांनीच शब्द नेला नाही तर इपुआनांचा मुलगा पुशाइनांच्या मुलीला मागणार कसा? स्वतः मागायची रीत नाही. इस्मेनिया कधी त्या विषयावर आली की तो निवडुंगांकडे बघायचा.

"एवढी भांडणं सोडवता तुम्ही लोक," ती चिडवायची, "आणि स्वतःचं एक लग्न..."

"मी शोधतोय माणूस."

"शोध. मी म्हातारी झाल्यावर सापडेल."

बोलायची हसून, पण रस्त्याला लागली की गाडी उगाच जोरात हाणायची. वर्ष गेलं.

मग ऑक्टोबरचा चार दिवसांचा पाऊस येऊन गेल्यावर एके सकाळी पुशाइनांच्या वस्तीवर टँकर आला, आणि पुढच्या बाजूने रोसेंदा उतरली. आईने घाईघाईने झुला बांधला. लिनो मामांना बोलावणं गेलं. रोसेंदाने कॉफी संपवली, कप बाजूला ठेवला.

"मी शब्द घेऊन आलेय," ती म्हणाली. "इपुआनांच्या मुलाचा."

लिनो मामा चपापले. "बाईने... आणि परक्या कुळातल्या..."

"रीत मला माहीत आहे." रोसेंदाने हात मांडीवर एकात एक गुंतवले. "माझ्या थोरल्यासाठी मी मुलगी बघून ठेवली होती. हारही ओवून झाला होता. काय बोलायचं, कसं बोलायचं, माझ्या भावाकडून रोज घोकून घ्यायचे. ते राहून गेलं. बोलणं सगळं तयार, आणि न्यायचं कुठे ते कळेना. हा पोरगा आला, म्हणाला, माझ्यासाठी कोणी बोलणारं नाही. म्हटलं, दे. मी बोलते."

मग ती बोलली. मुलगा कष्टाळू आहे, चुकला तर येऊन सांगतो, मुलीला तिच्या कामात अडवणार नाही. एकेक वाक्य सावकाश, जपून, जणू कित्येक दिवस कपड्यात गुंडाळून ठेवलेलं काही बाहेर काढत होती. मधे एकदा तिने थांबून पाणी मागितलं आणि राहिलेलं पुरं केलं. इस्मेनियाची आई तोंडावर हात ठेवून रडत होती.

लिनो मामांनी डोळे पुसले आणि ते इस्मेनियाकडे वळले. "बोल. बोलण्यावरच तर जगतेस."

इस्मेनिया उठली. ती रोसेंदाच्या पायाशी जाऊन बसली, तिने तो वाळका हात आपल्या गालाला लावला. "हो म्हणून सांगा त्याला, मावशी."

"तूच सांग. टँकरमधे बसलाय. सकाळपासून उतरायची हिंमत नाही त्याची."

इस्मेनिया ओल्या वाळूतून टँकरकडे गेली. तो पुढच्या बाकावर गुडघ्यांवर टोपी घेऊन बसला होता आणि समोर बघत होता.

"काय म्हणाले?" त्याने मान न वळवता विचारलं.

"हो म्हणाले."

"कोण... मामा?"

"मी," ती म्हणाली, आणि दार उघडून त्याच्या शेजारी बसली.